खताच्या ढिगातले धुमारे

तैमीच्या वाफ्यातल्या स्ट्रॉबेऱ्या
एवढाल्या, की तिनांत बशी भरायची.
कुओपिओच्या तळ्याकाठी, आमच्या बागांच्या रांगेत,
तिच्या कुंपणापाशी आलं की माणसं हळू चालायची,
आणि ती मुद्दाम पाठमोरी होऊन
कात्रीनं धुमारे कापत बसायची.
“पसरायचंही आणि फळायचंही,
दोन्ही कसं जमेल गं?”
हे मला नाही, रोपाला.

मी शेजारची. आइला. शाळेची बस चालवते.
माझ्या वाफ्यात तेव्हा शेपू, बटाटे
आणि मुख्य पीक म्हणजे गवत.
एका ऑगस्टच्या रात्री
तिच्या खताच्या ढिगातून चौदा धुमारे उपसले,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले
आणि बसमधल्या प्रथमोपचाराच्या पेटीत दडवले.
टाकलेलं उचलणं ही काही चोरी नव्हे.
मग मी बॅटरी का विझवली होती?

पुढचं सगळं शिकले कुंपणाच्या फटीतून.
ती रोपाचा गाभा मातीवर टेकवायची, पुरायची नाही.
मीही टेकवला.
ती सौनाच्या चुलीतली बर्चची राख चिमटीनं भुरभुरवायची.
मी बादलीभर ओतली, दोन रोपं गेली.
नव्या रोपांची पहिल्या वर्षाची फुलं
ती नखानं खुडायची, एकूण एक,
तोंडानं काहीतरी पुटपुटत.
इथे मात्र माझा हात अडला.
माझी फुलं राहिली, आणि जुलैत
करवंदाएवढी फळं आली, आंबट, बियाळ.
कस्तुरांनीसुद्धा एकेक चोच मारून सोडून दिली.

दुसऱ्या वर्षी पेंढा घातला, जाळी बांधली,
पाणी रोज, पानांना नाही, मुळांना.
जूनमध्ये इथे रात्र नावापुरती;
अकराच्या उन्हात फळं फुगताना बघत बसायची मी,
झारी हातात, थांबवेना.
मुठीएवढं झालं एक. चावलं तर
नळाच्या पाण्याची चव.
पलीकडे तैमीनं तिची झारी
केव्हाच खुंटीला उलटी टांगली होती.
लाली चढली की तहानलेलं ठेवायचं,
हे मला त्या झारीनं सांगितलं.

मग तो हिवाळा.
बर्फ पडलाच नाही जानेवारीपर्यंत,
उघड्या जमिनीवर उणे सव्वीस.
तैमी खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात.
मी माझा वाफा स्प्रूसच्या फांद्यांनी झाकला.
चार फांद्या उरल्या.
त्या हातात घेऊन तिच्या फाटकाशी उभी राहिले बराच वेळ.
उघडलं नाही.
कुणी विचारलं असतं, तुला कशी एवढी काळजी,
तर काय सांगणार होते?
फांद्या घरी नेऊन जाळल्या.

मे महिन्यात ती आली, काठी टेकत.
तिचा वाफा काळा, भिजलेल्या चहापत्तीसारखा.
ती काही बोलली नाही. एक रोप उपटलं,
गाभा नखानं उकलून पाहिला,
आतही काळा.

मी चौदा कुंड्या घेऊन गेले,
माझ्या रोपांच्या धुमाऱ्यांच्या,
आणि तोंडात कबुलीची वाक्यं जुळवत.
तिनं एक पान उलटं केलं,
बोटानं कड चाचपली,
आणि म्हणाली,
“त्या रात्री मी पायरीवरच बसले होते.
चांगले मी ढिगावर वरच ठेवले होते गं.
तू खालचे कशाला उपसलेस?”

या वर्षी तिच्या वाफ्यात फळ नाही.
ती काठीवर रेलून उभी,
मी वाकून फुलं खुडतेय,
पांढरी, एकूण एक.
एक मागच्या पानाआड राहू दिलं.
“दिसलं हं मला ते,” तैमी म्हणाली,
आणि कॉफी ठेवायला आत गेली.